पोट साफ नव्हतं

बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि ते मला आत्ता कळलं, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. तेसुद्धा मायनं सांगायचं म्हणून सांगितलं नाही, बोलता बोलता तिच्या तोंडून सुटलं. मी लुधियान्यात असतो, पंजाबात. एका मोठ्या दवाखान्यात पोटाच्या दुर्बिणीच्या खोलीत कामाला आहे. दहावी नापास पोराला तिथं कोणी उभं केलं असं तुम्ही विचाराल, पण केलंय. दर रविवारी मायला फोन करतो आणि तिला हसवायला दवाखान्यातल्या गमती सांगतो. त्या रविवारी एका सरदारजींची सांगत होतो. मोठं आतडं दुर्बिणीनं बघायचं असलं की आदल्या दिवशी जेवण बंद, आणि पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची, लई पाणी, पोटातून नुसतं स्वच्छ पाणी येईपर्यंत. सरदारजी छाती ठोकून म्हणाले, सगळं प्यायलो जी, एक थेंब ठेवला नाही. दुर्बीण आत गेली तर आत राजमा. अख्खा. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पाजी, ये तो पूरा ढाबा है." माय हसली, पदर तोंडाला लावून हसते तशी हसली असणार, आणि हसता हसता म्हणाली, "तुझे बाबा तरी कुठं सगळं पेले व्हते रे. अर्धीच पुडी कालवली व्हती त्येनी." मी विचारलं, कोणती पुडी. ती म्हणाली, "जाऊ दे, जुनं हाय." मी नुसतं "माय" म्हणालो. मग तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ऐकत राहिलो. वर्षानुवर्षं मला जे माहीत होतं ते तसं नव्हतंच.

तो उन्हाळा मला नीट आठवतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच वर्षीचा. उदगीरला आपल्या गल्लीत नळ कधी यायचा हे कोणी विचारायचंच बंद केलं होतं. टँकर आला की हंडे, डबे, कॅन, लहान पोरांच्या हातात तांबे, आणि मायचा आवाज सगळ्यांच्या वर. अंघोळ घमेल्यात बसून करायची आणि घमेल्यातलं ते साबणाचं पाणी संडासासाठी ठेवायचं. संडास आपला आणि शेजारच्या खालाचा मिळून एक. कोणी किती पाणी ओतलं हे भिंतीपलीकडून आवाजावर कळायचं. आणि त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याची हवा होती. उदगीर जिल्हा होणार, आता होणार, घोषणा लिहून तयार आहे, फक्त सही बाकी आहे. तुम्ही पेंटर. फ्लेक्स आल्यापासून तुमचं काम आटलं होतं, पण भिंतीवर फ्लेक्स चिकटत नाही, म्हणून जिल्ह्याच्या मागणीनं तुम्हाला परत शिडीवर चढवलं. शाळेच्या कुंपणावर, गोदामाच्या पाठीवर, स्टेशनच्या वाटेवर सगळीकडे तुमचं अक्षर. दुकानाची पाटी करताना तुम्ही 'ता. उदगीर, जि.' एवढं लिहून पुढं जागा सोडायचा. दुकानदार म्हणायचा, "लातूर लिहा की पेंटर, लोकं काय समजतील?" तुम्ही ब्रश पुसत म्हणायचा, "उद्या मिटवायला परत मलाच बलवशील. ऱ्हाऊ दे मोकळं." मला त्याचा लई अभिमान वाटायचा. सगळ्या गावाच्या आधी माझ्या बापाला माहीत आहे असं वाटायचं.

रक्त जात होतं ते तुम्ही वर्षभर मूळव्याध म्हणून झाकलं. कोणी जडीबुटी दिली, कोणी लेप दिला. शेवटी मायनं हट्ट धरला म्हणून लातूरला गेलात, तिथल्या डॉक्टरनं दुर्बिणीची तारीख दिली आणि पावडरची पुडी दिली. ती दुपार मी आता परत परत आठवतो, कारण आता मला ती कळते. तुम्ही मला बाहेर ओट्यावर पुस्तक देऊन बसवलं होतं. खालानं पोरीच्या हाती दोन भरलेले हंडे पाठवले आणि स्वतः दारात येऊन म्हणाली, "भाईजान, पानी की फिकर नक्को करो. लगा तो और देती मैं." तुम्ही म्हणालात, "खाला, माझं पोट हाय का धरण हाय?" सगळे हसले. आत तुम्ही काय करत होतात ते मला दिसत नव्हतं. मायला दिसत होतं. अर्धी पुडी तुम्ही तांब्यात कालवली, उरलेल्या पुडीचं तोंड दुमडलं आणि रंगाच्या डब्यांमागं ठेवली. ती म्हणाली, डॉक्टरनं सगळं म्हटलंय. तुम्ही म्हणालात, "एवढं पाणी आधी पोटात घालायचं आणि मग तेवढंच संडासात वतायचं, दर खेपेला बादली. गल्ली पाण्यावाचून मरायलीय, आन मी एकटा आत बसून वतू? पलीकडं आवाज जातो, लाज वाटती." ऊन उतरल्यावर तुम्ही एक हंडा भरलेलाच खालाला परत केलात. ती म्हणाली, "इत्ती जल्दी साफ हो गया?" तुम्ही म्हणालात, "माझं पोट इमानदार हाय." तेव्हा मीही हसलो. पुस्तक मांडीवर तसंच उघडं, आणि मी हसतोय. तुमच्या प्रत्येक बोलण्यावर मी हसायचो, बाबा.

लातूरच्या त्या दवाखान्यासमोर सकाळीच टँकर उभा होता आणि आत नळावर 'पाणी जपून वापरा' असा कागद चिकटवलेला. मला बाकावर पिशव्या राखायला बसवलं. माझ्या समोर एक दार होतं, त्यावर वर्तुळाची काच, काचेला आतून हिरवा कपडा. त्या दाराआड काय करतात हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. लई वेळानं तुम्ही आलात, अर्धवट झोपेत, तोंडावर हसू. तुमच्या मागून माय, दोघंही डॉक्टरच्या केबिनमधून. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "मिटलं गड्या. कोंब व्हता एक आतड्यात, तारेनं कापला. परत यायचं काम न्हाई म्हणला डॉक्टर." मग बसस्टँडजवळच्या रसवंतीवर तुम्ही मला उसाचा रस पाजलात, मोठा ग्लास, स्वतः घेतला नाहीत. रेल्वेनं पाणी येणाऱ्या गावात उसाचा रस मिळत होता आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माय रसवंतीच्या बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभी होती. मला वाटलं ऊन लागलंय तिला.

केबिनमध्ये डॉक्टर काय म्हणाला होता ते मला मायनं फोनवर सांगितलं, तिला समजलं होतं तेवढं. एक कोंब देठाचा होता, तो काढला. दुसरा आहे, आत वरच्या बाजूला, चपटा, भिंतीला चिकटून पसरलेला. तो अर्धा घाणीखाली झाकलाय. धुऊन बघितलं, निघत नाही. पोट साफ नव्हतं. कडा दिसत नाहीत, अंदाजानं तिथं हात घातला तर आतडं फाटेल. पोट नीट साफ करून थोड्या दिवसांत परत या, तो उचलून काढू, उशीर करू नका. मग त्यानं विचारलं, "औषध पूर्ण घेतलं होतं ना?" आणि तुम्ही म्हणालात, "पूर्ण घेतलं साहेब." माय शेजारी बसलेली. तिनं तुमच्याकडं बघितलं, तुम्ही तिच्याकडं बघितलं नाही. दाराबाहेर आल्यावर तुम्ही तिला म्हणालात, "पोराला बोलू नको. त्याची दहावी यायलीय." माझ्या दहावीचं नाव पुढं करून तुम्ही ते झाकलंत. ती दहावी तर मी नापासच झालो. निदान त्या दिवशी तरी मला सांगायचं होतं.

पण ज्याचा मला खरा राग येतो ते हे नाही. शाळेच्या मागची ती लांब भिंत आठवते? पाऊस होऊन गेला होता, टँकर बंद झाले होते. तुम्ही शिडीवर, दोन्ही हात निळ्या रंगात, 'झालाच पाहिजे' मधला 'पा' भरत होता. तुमचा फोन खाली माझ्याकडं. तो वाजला. तुम्ही म्हणालात, "लाव कानाला." मी शिडीच्या दोन पायऱ्या चढून फोन तुमच्या कानाला धरला. मला बाईचा आवाज येत होता, शब्द नाही, फक्त एकदा 'तारीख' असं ऐकू आलं. तुम्ही ऐकत राहिलात. मग म्हणालात, "राँग नंबर हाय, बाई." आणि मला मानेनं खूण केली, आणि मी लाल बटण दाबलं. मी विचारलं कोण होतं. तुम्ही म्हणालात, "गॅसवाली. दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगायलीय." आणि 'पा'चा काना खाली ओढलात, सरळ, एका दमात, तुमचा हात कधी थरथरत नसे. माय म्हणाली तो फोन लातूरच्या दवाखान्याचा होता, आणि त्याच्या आधी एकदा आलेला तिनं उचलला होता. त्यांनी दोनदा बोलावलं, बाबा. पाणी होतं तेव्हा. आणि तुम्ही मला शिडीवर चढवून माझ्याच हातानं तो फोन बंद करायला लावलात.

का, असं मी मायला विचारलं. ती म्हणाली, "त्येंचं एकच. जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना इथंच व्हणार, मशीन इथंच येणार, मग कामून लातूरला हेलपाटे? एक मेला घोषणा हाय म्हणं. एक मे गेला की पंधरा ऑगस्ट. आन दुखत तर न्हवतं त्येंना." दुखत नव्हतं हे खरं असेल. हे कोंब दुखत नाहीत, तीच त्यांची खोड आहे. आणि जिल्ह्यावर तुमचा विश्वास खरा होता हेही मी मानतो. तुम्ही रोज तेच शब्द हातभर उंचीचे लिहीत होता, ते खोटे कसे वाटतील. पण मग पुढच्या वर्षीचाही एक मे गेला, आणि तुमची पँट कमरेला दोरीनं बांधायची वेळ आली, आणि एक दिवस तुमचं पोट ढोलासारखं फुगलं, आणि आम्ही तुम्हाला नांदेडला नेलं. तिथं पोट उघडलं आणि जास्त काही न करता परत शिवलं. डॉक्टर मायशी बोलत होते, मी बाजूला उभा होतो, आणि मला एकच गोष्ट माहीत होती. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की मिटलं. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की परत यायचं काम नाही. तुम्ही खाटेवर होतात, शुद्धीत होतात, मी तुमच्यासमोर त्या डॉक्टरला आईवरून शिव्या दिल्या. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तेव्हा मला वाटलं, दुखतंय म्हणून मिटले.

तुम्ही गेल्यावर मी उदगीरला टिकलो नाही. तुमच्या अक्षराच्या भिंती होत्या सगळीकडं. नांदेडला आलो, हॉटेलात राहिलो, गॅरेजात राहिलो, कुठंच बूड टेकलं नाही. मग एका खाजगी दवाखान्यात झाडलोटीला पोरगा पाहिजे होता. मला विचारलं, कुठं काम करशील. त्या मजल्यावर एक दार होतं, वर्तुळाच्या काचेचं. मी म्हणालो, तिथं. मला बघायचं होतं की त्या दाराआड माझ्या बापाचं काय केलं. कसा हलगर्जीपणा करतात, कुठं चुकतात, ते मला डोळ्यांनी धरायचं होतं. तिथली सिस्टर म्हणायची, "काय रं, टीव्ही बघून राहिला का? फडकं मार." मी फडकं मारत स्क्रीनकडं बघायचो. पुढं नळ्या धुवायला शिकलो, मग हत्यारं हातात द्यायला. तिथून एक डॉक्टर पंजाबात गेले, त्यांच्या मागोमाग अमृतसरच्या गाडीनं मी. आणि इतकी वर्षं बघून मला जे कळलं ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आत असताना झोपेत होतात आणि नंतर तुम्ही विचारलं नाही.

दुर्बीण म्हणजे बोटाएवढी काळी नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा. नळीच्या पोटातून एक बारीक भोक आरपार गेलेलं असतं, त्यातून हत्यारं जातात. आतडं आतून गुलाबी असतं, ओलं, घड्याघड्यांचं, आणि साफ असलं की इतकं देखणं दिसतं की पहिल्यांदा मला लाज वाटली, कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखी. कोंब अगदी बारका असला तर तारेचा फास त्याच्याभोवती टाकतात, थोडी चांगली कातडीही आत घेतात, म्हणजे मूळ मागं राहत नाही, आणि नुसता आवळून कापतात. करंट लावत नाहीत. दोन थेंब रक्त येतं, आपोआप थांबतं. तुमचा पहिला होता तसा देठाचा असला तर फास देठावर घ्यायचा, आवळायचा, कोंब आधी काळानिळा होतो, मग करंट द्यायचा, देठ पांढरा पडतो आणि तुटतो. देठ जाड असला की आतली नस वाहू नये म्हणून बारीक चिमटा लावून ठेवतात. फासाची मूठ माझ्या हातात असते. मॅडम म्हणतात, "बंद कर, हौले हौले," आणि मी आवळतो. किती आवळलं हे डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतं. एकदम ओढलं तर करंटच्या आधीच तुटून रक्त उडतं, म्हणून मूठ दाबताना मी श्वास धरतो. कापलेला तुकडा जाळीत धरून बाहेर काढायचा आणि तपासायला पाठवायचा, कारण आत काय होतं ते डोळ्यांनी नक्की कळत नाही.

आणि तुमचा दुसरा, तो चपटा. त्याला फास बसत नाही, घसरतो. म्हणून बारीक सुई त्याच्या बाजूनं आत घालतात आणि खालून सलाईन सोडतात, निळा रंग मिसळलेलं. भाजल्यावर फोड येतो ना, तसा तो सगळा भाग वर उचलला जातो, खाली निळ्या पाण्याची गादी तयार होते, आणि आतड्याची खरी भिंत खाली सुरक्षित राहते. मग फास बसतो. मोठा असला तर एका वेळी निघत नाही, तुकड्या-तुकड्यानं काढतात, कडा जाळतात, आणि काही महिन्यांनी परत बघतात की परत उगवला का. त्याहून मोठे, पसरलेले असले तर बारीक चाकूनं कडेनं कापत खालून सोलून काढतात, पण ते सगळीकडं होत नाही. सुई घालून पाणी सोडल्यावर तो उचललाच नाही, तर मॅडम तिथंच थांबतात. म्हणजे तो खाली भिंतीत शिरलाय. मग दुर्बिणीचं काम संपलं, मोठं ऑपरेशन. तुमचा उचलला असता का, हे मला कधीच कळणार नाही. त्या दिवशी त्याच्यावर घाण होती. महिन्याभरानं उचलला असता, असं मला वाटतं. तुम्ही भिंतीवर 'पा' काढत होता त्या दिवशीही कदाचित उचलला असता. वाटण्याला काय किंमत आहे, पण रोज एक तरी चपटा कोंब निळ्या पाण्यावर वर येतो आणि रोज माझ्या मनात तेच येतं.

लातूरच्या डॉक्टरनं बरोबर केलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला दुपार गेली. जो दिसतो तो काढावा, जो दिसत नाही त्याला अंदाजानं हात लावू नये, रुग्णाला परत बोलवावं, आला नाही तर फोन करावा. आमच्या मॅडमही हेच करतात. मी वर्षानुवर्षं त्या माणसाचा राग पोटात ठेवून जगलो, त्या रागानं मला नांदेडला नेलं, त्या रागानं नोकरी लावली, त्या रागावर मी उभा आहे, आणि तो सगळा राग तुम्ही मला चुकीच्या पत्त्यावर दिला होता. नांदेडच्या खाटेवर एकदा डोळे उघडून म्हणायचं होतं, त्याला शिव्या देऊ नको. काही दुसरं सांगू नका, एवढंच. तुमच्याकडं वेळ होता. माझा हात तुमच्या हातात होता.

मायवरही राग आला. मी तिला म्हणालो, तू तरी सांगायचं. ती म्हणाली, "तुझ्या बापाची शपथ व्हती. आन ते गेल्यावर कशाला? मेल्या माणसाला पोराच्या नजरेतून उतरवू?" मग म्हणाली, "तू तरी काय केलं असतंस? पंधरा वर्साचा तर व्हतास." मी काय केलं असतं? तुमचा हात धरून लातूरच्या बसमध्ये बसवलं असतं असं मी इथं खोलीत खाटेवर पडल्या पडल्या मोठ्यानं म्हणतो. शेजारच्या खाटेवरचा बिहारी पोरगा विचारतो, "किससे बात कर रहे हो भैया?" पण मलाही जिल्हा पाहिजे होता. नवं कलेक्टर ऑफिस होईल, तिथं शिपाई लागतील, तुम्ही म्हणाला होता ओळखीनं बघू. तुम्ही सांगितलं असतं की आता नाही, जिल्हा झाल्यावर जाऊ, तर मी कदाचित "बरं" म्हणालो असतो. पण ते 'बरं' माझं असतं. तुम्ही मला ते म्हणूच दिलं नाही.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात हात धुता धुता मॅडमनी सहज विचारलं, "तेरे पापा को क्या हुआ था?" मी आता खरं जे माहीत झालं ते सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, बापाला इतक्या कमी वयात आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलाचं आतडं लवकर बघावं लागतं, तू वाट बघू नको. मी आठवडाभर टाळलं, मग त्यांनीच तारीख टाकली. ती उद्याची आहे. आज सुट्टी आहे, औषध पितोय, मधे मधे उठावं लागतंय, म्हणून हे पत्र असं तुटक तुटक झालंय. इथं पाण्याला तोटा नाही, मोटर लावली की टाकी भरून वाहते, खाली म्हातारा ओरडतो, "ओ बंद करो ओए." मी हसतो, मग हसू राहत नाही. ज्या टेबलाच्या बाजूला मी रोज उभा असतो, त्याच्यावर उद्या मी असेन, आणि फासाची मूठ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात.

हे पत्र मी कुठं टाकणार. खाटेवर उघडंच ठेवतो, इथं कोणाला मराठी वाचता येत नाही. मघाशी मायचा फोन आला होता. "आवाज का रं असा खोल गेलाय?" म्हणाली. मी म्हणालो, ड्युटीवर हाय माय, लई गर्दी हाय. ती म्हणाली, "बरं, जेवून घे येळेवर." सकाळी मॅडमनी फोन करून विचारलं होतं, "घर पे बताया ना?" त्यांनाही मी हो म्हणालो आहे. 'उद्या सगळं झालं की मायला सांगतो' असं इथं लिहिलं होतं, ते आत्ता खोडलं. मी सांगेन की नाही, मला माहीत नाही.